धुऱ्याचा रंग

माझ्या बाबांची नजर कडेनं झिजत चालली होती आणि आमच्या घरात ते कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. डॉक्टरच्या आधी ते कळलं मी बनवलेल्या एका खेळाला, आणि खेळ सांगत होता तेव्हा मी ऐकलं नाही. आठवलं की अजून मला माझाच राग येतो. पण त्या दिवसांवर एक मऊ पिवळं ऊनही पडलेलं आहे, ते काही केल्या पुसलं जात नाही. राग आणि ऊन, दोन्ही एकाच हिवाळ्यातले आहेत.

मी मोबाइलवरचे खेळ बनवते. पुण्याची नोकरी तशीच ठेवून रिठदला घरी राहायला आले, त्याला आता काही वर्षं झाली. वरच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल आहे, कारण नेट त्या एकाच कोपऱ्यात धड येतं. खिडकीतून आमचं वावर दिसतं, त्यापलीकडे दुसऱ्याचं वावर, आणि त्याच्याही पलीकडे धुरकट असं काहीतरी, जे सकाळी डोंगर वाटतं आणि दुपारी काहीच नसतं. गावाच्या मते मी दिवसभर फोन खेळते आणि त्याचा पगार घेते. आधी मी समजावून सांगायची, आता नुसतं हो म्हणते.

कंपनीचं काम पाचला संपलं की मी माझा स्वतःचा खेळ उघडायची. त्याचं नाव मी ‘राखण’ ठेवलं होतं. मधोमध तुरीचं वावर, आणि डावीकडून नाहीतर उजवीकडून येणारी रोही. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, तोंडावरून गरीब, पण कळप शिरला की तुरीचे नुसते खराटे उरतात. ती ज्या बाजूनं येईल त्या बाजूला बोट दाबायचं, की गोफणीचा दगड सुटतो आणि ती पळते. एवढाच खेळ. तो मी बाबांच्या गोष्टींवरून रचला होता. तरुणपणी त्यांनी कित्येक हिवाळे वावरातल्या उंच लाकडी माळ्यावर बसून राखणीत काढले होते, आणि त्या गोष्टी ते अशा सांगायचे की ऐकणाऱ्याच्या पायांनासुद्धा थंडी वाजावी.

खेळ पहिल्यांदा धड चालला तो मी लगेच खाली नेला. बाबा अंगणात खाटेवर बसून बोरं खात होते. त्यांनी फोन आडवा धरला, नाकाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला.

“वावर मस्त हाय,” ते म्हणाले. “पन हे दोन बाजूनं काळं काहून ठेवलं वं?”

“ते काही नाही बाबा. उरलेली जागा हाय.”

“काही नाही कसं? वावर संपलं का धुरा लागते. तू धुराच नाही ठेवला.”

धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. आणि काळं म्हणत होते ते खरंच होतं. माझं वावर मी जुन्या फोनच्या मापानं काढलं होतं. आताचे फोन लांबुडके. आडवा धरला की चित्राच्या डाव्या-उजव्या अंगाला बोटभर जागा उरायची, आणि सांगणारं कुणी नसल्यामुळे फोन तिथे आपला काळा रंग भरायचा. मला ते दिसत होतं, पण डोळ्यांना सवय झाली होती. बाबांना त्या पट्ट्या खुपल्या. त्यांनी तेव्हा फोन स्थिर धरून, एकेका कडेकडे बघून त्या पाहिल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

“आयक,” ते म्हणाले, “राखनवाला पीक पाहत नसते. पिकाले काय पाहाचं, ते कुठं पळून जाते? राखनवाला धुरा पाहते. रोही दिसाच्या आधी धुऱ्याचा रंग बदलते. गवत हालते, पानं उलटी होतात, अन् दोन घडी तो धुरा वेगळाच दिसते. ज्याले तो रंग समजला त्याचं वावर राह्यलं.”

मी तिथेच अंगणात ठरवलं की माझ्या खेळातही तसंच व्हायला हवं. रोही येण्याआधी दोन सेकंद त्या बाजूची कड रंग बदलेल. ज्याला दिसेल तो वाचेल.

मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. चार संध्याकाळी गेल्या. खेळाच्या आत एक कॅमेरा असतो, तो पाहतो तेवढंच फोनवर उमटतं. माझा कॅमेरा वावराच्या चौकटीपुरताच पाहत होता. त्याला कितीही रंग सांगितले तरी तो चौकटीबाहेर थेंब सांडेना. शेवटी मी त्याच्या मागे आणखी दोन कॅमेरे ठेवले, एक पडद्याच्या डाव्या अर्ध्यासाठी, एक उजव्या. त्यांना काहीच पाहायचं नव्हतं, ना तूर ना रोही. त्यांनी आधी आपापल्या अर्ध्या भागावर नुसता रंग ओतायचा आणि मग पहिल्या कॅमेऱ्यानं त्यावर वावर मांडायचं. वावर मांडून झाल्यावर कडेला जो रंग उघडा राहील तो धुरा. काहीच न पाहणारे दोन डोळे मी त्या खेळाच्या पाठीमागे बसवले, आणि ते पहिल्यांदा चालले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून आईला हाक मारली. आई म्हणाली, दूध वर आलंय, मग ओरड.

आता रंग कोणता, हा प्रश्न. फोनला रंगाचं नाव कळत नाही. लाल किती, हिरवा किती, निळा किती, असे शून्य ते एकच्या मधले तीन आकडे द्यावे लागतात. मी आमच्या धुऱ्याचा फोटो काढून त्यातला एक ठिपका उचलला. निघाला मातकट करडा. बाबांना दाखवला तर ते हसले.

“हा तं गवरीचा रंग हाय. चाल, तुले धुरा दाखवतो.”

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं धुऱ्यानं फिरू लागलो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात संथ संध्याकाळी त्या. ऊन तिरपं व्हायचं, तुरीला फुलं धरलेली, हरभरा नुकता वीतभर. बाबा पुढे आणि मी मागे, हातात फोन. ते थांबायचे, काठीनं दाखवायचे आणि रंग सांगायचे. वाळलेल्या पवन्याच्या गवताचा, उन्हानं विटलेल्या टोपीचा, गाभुळलेल्या चिंचेचा. मी तिथेच उभी राहून आकडे टाकायची, फोनची कड रंगायची, आणि मी ती त्यांच्यापुढे धरायची. ते एकदा कडेकडे बघायचे, एकदा धुऱ्याकडे, आणि मान हलवायचे. अजून जरा माती घाल. आता पानी जास्त झालं. रंग म्हणजे त्यांच्या लेखी कालवण होतं. कधीकधी आम्ही काहीच न बोलता इतका वेळ उभे राहायचो की मला झोपेत असल्यासारखं वाटायचं. बोरीवर पाखरं येऊन बसायची आणि आम्हाला मोजायची नाहीत. चालताना त्यांचा डावा पाय दोनदा धुऱ्यावरून घसरला. मी म्हटलं, बाबा, जपून. ते म्हणाले, माती भुसभुशीत हाय.

नेहमीचा रंग गवताचा ठरला. रोही येतानाचा रंग काही केल्या ठरेना. मी भडक पिवळा दाखवला, त्यांनी नाक मुरडलं.

“हा तं दुकानाच्या पाटीचा. हळद लागते ना नवरीले, तो बी नाही. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातावर जो राहते, तो पिवळा पाह्यजे.”

तो जमायला मला सहा फेऱ्या लागल्या. जमला तेव्हा बाबा म्हणाले, “हा,” आणि पुढे चालू लागले. एवढीच शाबासकी. पण घरी येईपर्यंत मी ती पुन्हापुन्हा काढून पाहत होते.

खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला आणि तिथून बिनसलं. बाबा रोज संध्याकाळी खाटेवर बसून खेळायचे आणि रोज हरायचे. उजवीकडची रोही अधूनमधून सापडायची, डावीकडची मात्र सगळं वावर खाऊन जायची.

“रंग बदलूनच नाही राह्यला,” ते म्हणायचे.

मी त्यांच्या हातातून फोन घ्यायची. माझ्या हातात रंग बदलायचा. त्यांच्या हातात परत दिला की नाही. मी म्हटलं, फोन जुना आहे. त्याची बॅटरी वाचवायची सोय बंद केली, उजेड वाढवला, काचेवरचा चिरलेला प्लास्टिकचा कागद सोलून काढला. कोडच्या ओळी इतक्यांदा वाचल्या की त्या मला पाठ झाल्या. चूक सापडेना. सापडणार कुठून, मी ती भलत्याच ठिकाणी शोधत होते.

आणि घरात खुणा तर पडलेल्या होत्या. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. मोटारसायकलचा डावा आरसा फुटला होता. विचारलं तर म्हणाले, “लोकायले गाड्या चालवता नाही येत.” ती मोटारसायकल म्हणजे त्यांचे पाय. वावरात जायचं तर गाडी, वाशिमला बियाणं आणायचं तर गाडी, जवळच्या मालेगावच्या सोयऱ्याकडे चहाला जायचं तरी गाडी. दुसऱ्याच्या मागे ते जन्मात बसले नव्हते. मागे बसणं म्हणजे पोतं होणं, असं ते म्हणायचे. मला पुण्याला जाताना फाट्यावर सोडायचे तेही तेच, आणि ऊन असो थंडी असो, बस दिसेनाशी होईपर्यंत गाडीला टेकून उभे राहायचे.

एका संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले, रंग नाही बदलला. त्या दिवशी कंपनीतही माझं डोकं फिरलेलं होतं. मी त्यांच्यावर ओरडले.

“तुमचं ध्यानच नसते बाबा! दोन सेकंद पिवळा होते धुरा. दोन सेकंद! तुमी आभाळाकडं पाहता का?”

आई चुलीपाशी थांबली. बाबांनी फोन खाटेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळून झाल्यावर सांगितलं, “आज दिसला बरं रंग.” तिसऱ्या दिवशीही दिसला. चौथ्या दिवशीही. मी खूश. हरत होते ते तसेच, पण बोटांना सवय नाही म्हणून मी ते सोडून दिलं. ओरडल्याशिवाय माणूस लक्ष देत नाही, असंसुद्धा मी आईला म्हटलं. म्हटलं होतं, आता खोटं कशाला बोलू.

मग मी गोफणीच्या आवाजाच्या मागे लागले. आवाज नीट ऐकता यावा, मध्येच कडा चमकू नयेत, म्हणून मी रंग बदलणारी ओळ तात्पुरती बंद केली. ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा ओढल्या की फोन ती ओळ वाचतच नाही. आवाज बसला, मी खेळ बाबांच्या फोनवर घातला आणि खाली दिला. त्या रेघा काढायला विसरले.

बाबा खेळले. मी पायरीवर बसून चहा पीत होते.

“आज तं रंग लय खुलला,” ते म्हणाले. “डावीकडचा पिवळा तं अगदी हळदीचा.”

मला फार बरं वाटलं. वर जाऊन मी काम उघडलं, आणि पहिल्यांदा नजर पडली ती त्या दोन रेघांवर. ओळ बंद होती. त्या संध्याकाळी खेळात पिवळा नव्हताच. कडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गवताच्या रंगाच्या होत्या.

आधी राग आला, की मला बनवलं. मग तो राग एकेक पायरी खाली उतरत गेला. आज नसलेला रंग दिसला म्हणाले, म्हणजे काल असलेलाही दिसला नसेल. कालचा नाही, तर परवाचा नाही. म्हणजे आधी म्हणत होते तेच खरं होतं, आणि फोनमध्ये कधी काही चूक नव्हती. चौकट, आरसा, धुऱ्यावरून घसरलेला पाय. खिडकीत ऊन नुसतं टेकलं होतं आणि बाहेर सगळं नेहमीसारखं सोनेरी होतं, आणि त्या शांततेत खाली मोटारसायकलला किक बसली. मी धावत जिना उतरले. ते गेले होते. आई म्हणाली, फाट्यावर गेलेत, येतील.

“आई, बाबांले डावीकडचं दिसत नाही.”

आई हळूच खाली बसली.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली, “ताटातली चटनी तशीच राहते त्यायची. जवसाची केली तरी राहते. मले वाटलं, माह्या हातची आवडत नसन आता. मी विचारलं बी नाही.”

ताटात चटणी डावीकडे वाढतात. लग्न झाल्यापासून आई ती तिथेच वाढत आली होती, आणि दोन वर्षं ती मनातल्या मनात रुसून ती चटणी परत डब्यात भरत होती. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. फाटा काही लांब नाही, पण मधे ट्रकचा रस्ता आहे. त्या अर्ध्या तासात गाडीचा प्रत्येक आवाज मी कानानं पकडून पाहिला, आणि त्यांचा आला तेव्हा मला रडू फुटलं.

मी त्यांना खाटेवर बसवलं, समोर बसले आणि म्हटलं, माझ्या नाकाकडं पाहा, हलू नका. दोन्ही हात लांब करून बोटं नाचवत मी हळूहळू आत आणली. बोटं दिसली की सांगा. ते हसत होते. त्यांच्या उजव्या बाजूचा हात बऱ्याच आत आला तेव्हा त्यांना दिसला. त्यांच्या डाव्या बाजूचा माझ्या कानाशी आला तरी ते गप्पच. मग त्यांचं हसू हळूहळू विझलं.

“मले खोटं काहून सांगितलं?” मी विचारलं.

“तू थकून गेलती. रोज तेच ते काम. मले वाटलं, माह्या एका हो म्हनन्यानं तुह्यं होते, तं म्हनावं हो.” मग म्हणाले, “अन् मले काय माहीत, बाकीच्यायले यापेक्षा जास्त दिसते म्हनून?”

हे वाक्य मला अजून झोपेतून उठवतं. ज्याची कड हळूहळू जाते त्याला काळं दिसत नाही. त्याला काहीच कमी दिसत नाही. फोन निदान काळी पट्टी तरी दाखवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वाशिमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं आणि कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटन दाबायचं. बाबा तोंड आत घालूनच म्हणाले, “हा तं तुहाच खेळ हाय वं.” मी हसले, पण डोळे पुसले. छापून आलेल्या कागदावर मधोमध थोडा उजेड होता आणि भोवती काळं होतं, डावीकडे जास्त. काचबिंदू. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गेलं ते परत येत नाही, औषधाचे थेंब रोज घातले तर आहे ते बरंच टिकवता येईल. मी विचारलं, गाडी? ते म्हणाले, नको. बाबा दाराकडे पाहत राहिले.

थेंब त्यांनी मुकाट मान्य केले. गाडी नाही. चाबी शर्टाच्या खिशात, आणि झोपताना शर्ट उशाखाली.

“रस्ता मले पाठ हाय.”

“समोरचा ट्रक पाठ हाय का?”

“माह्या पायावर कुऱ्हाड मारून राह्यली तू.”

असं आठवडाभर चाललं. आई दोघांच्या मधे भांडी घासत राहिली, आणि चटणी उजवीकडे वाढू लागली. बाबांनी पहिल्या दिवशी बोटानं चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाले, “किती दिवसांनी केली.” आई उठून आत गेली.

मग एका सकाळी ते स्वतःच माझ्या खोलीत वर आले. जिना चढताना मान डावीकडे, उजवीकडे वळवत होते. ती सवय त्यांनी आपल्या आपण लावून घेतली होती.

“माळ्यावर बी एकाच बाजूनं नाही पाहत कोनी,” ते म्हणाले. “मान फिरवा लागते. मले जमते आता. तुह्या खेळात दहा रोही येऊ दे. दहाच्या दहा दिसल्या तं गाडी मी चालवीन. नाही दिसल्या तं चाबी तुह्यी.”

“अन् हरल्यावर शब्द फिरवला तं?”

“मी जबान देऊन राह्यलो.”

मला दोन दिवस मागून घ्यावे लागले. खेळ दहा रोहींवर थांबेल अशी एक ओळ लिहायची होती, तिला पाच मिनिटं लागली. उरलेला सगळा वेळ मी एका आकड्यापुढे बसून होते. दोन. कड पिवळी राहते ते दोन सेकंद. त्याचे चार केले तर बाबा जिंकले असते, पूर्वीसारखे छाती काढून गाडीवर बसले असते, आणि मी रोज दारात उभी राहिले असते. त्याचा एक केला तर ते नक्की हरले असते, आणि मी चोर ठरले असते. दोन्ही मी करून पाहिलं, दोन्ही वेळा परत दोन केलं. मला ते जिंकायला हवे होते. अगदी लहान मुलीला वाटतं तसं मला वाटत होतं. खिडकीबाहेर तूर पिवळी होती आणि वाऱ्यानं तिच्यावरून एक झुळझुळ इकडून तिकडे जात होती, जणू कुणाचंच काही अडलेलं नाही.

ते खाटेवर बसले. आई दारात, मी पायरीवर. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि मान फिरवायला सुरुवात केली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. माळ्यावरचा तो तरुण माणूस मी पाहिलेला नव्हता, तो त्या दिवशी पाहिला. दगडाचा आवाज आला, एक. पुन्हा आला. मधेच बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं आणि मोजत होते.

खेळ थांबला. पडद्यावर आकडा आला. मी वाकून पाहिलं, सात.

“सात,” मी म्हटलं.

“सहा,” बाबा म्हणाले. “एक मी अंदाजानं दाबली. रंग नाही दिसला तिचा.”

“पन खेळानं धरली ना.”

“खेळ धरन. रस्ता नाही धरत.” त्यांनी फोन खाली ठेवला. “चार रोह्यायनं वावर खाल्लं. त्या चार जागी चार मानसं असते तं?”

त्यांनी खिशातून चाबी काढली आणि माझ्याकडे न बघता खाटेच्या कडेवर ठेवली. ती कुणी लगेच उचलली नाही. आई म्हणाली, चहा ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. मी चालवते ती स्कूटी. ही जड, आणि दोन किकमध्ये सुरूही होईना. बाबा बाजूला उभे राहून सूचना करत होते, आणि मी चिडत होते, आणि ते बरंच होतं. गाडी सुरू झाली. ते मागे येऊन उभे राहिले आणि तसेच उभे. मी मागे वळून पाहिलं नाही. मग गाडी खाली दबली, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

आम्ही वावराच्या रस्त्यानं निघालो. सकाळचं ऊन कोवळं होतं, दोन्हीकडे तूर, आणि गार वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. थोडं पुढे गेल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, “डावीकडचा धुरा कसा हाय?”

“पिवळा हाय बाबा.”

“कोनता पिवळा?”

आकडे मला पाठ होते. पण ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

“हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा.”

त्यांनी खांद्यावरचा हात जरा घट्ट केला. “मंग सांभाळून,” ते म्हणाले. “तिकून काहीतरी येऊन राह्यलं.”

मी गाडी हळू केली. डावीकडच्या बोरीमागून एक बाई डोक्यावर भारा घेऊन रस्त्यावर आली, आम्हाला पाहून थांबली आणि बाबांना मागे बसलेलं पाहून बघतच राहिली.

“रामराम,” बाबा मागून म्हणाले. मान त्यांनी पूर्ण वळवली होती.